खमैस तय्याबचं औषध

कैरवानच्या जुन्या हमामात सव्वीस वर्षं तय्याब म्हणून लोकांच्या पाठी घासणाऱ्या, सांधे मोकळे करणाऱ्या खमैसचं मनगट एका सकाळी गिऱ्हाइकाचा हात पिळताना मोडलं. गिऱ्हाइकाचा हात शाबूत राहिला. ही हकीकत गावाने इतक्यांदा हसत सांगितली, की खमैसला मनगटापेक्षा तिचाच त्रास जास्त झाला.

प्लास्टर निघाल्यावर त्याला डॉक्टर फरजानीबाईंकडे पाठवण्यात आलं. त्यांनी दोन वेगवेगळ्या सकाळी रक्त तपासलं आणि निदान सांगितलं: टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाचं संप्रेरक शरीरात फारच कमी बनतंय. म्हणून हाडं विरळ झालीत, दंडातला जोर गेलाय, दुपारी बसल्या जागी डोळा लागतो. वय एक्कावन्न. औषध म्हणून जेल मिळालं. रोज सकाळी दोन्ही खांद्यांवर चोळायचं, वाळू द्यायचं, हात धुवायचे, सदरा घालायचा. "आणि त्यानंतर लगेच आंघोळ करायची नाही," बाई म्हणाल्या. खमैसने मान डोलावली.

हमामचा मालक हाज तिजानी याने मुदत घातली. "ईदेपर्यंत हलकं काम कर. ईदेच्या गर्दीत मला धड माणूस पाहिजे. नाहीतर माझा मेहुणा घरी बसूनच आहे."

औषधाच्या दुकानदाराने जेलचं नाव भर दुकानात मोठ्याने वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी हमामात एका गिऱ्हाइकाने, नावाआधी अदबीचं 'सी' लावून, सुरुवात केली.

"काय सी खमैस, दुसरी नवरी बघतोयस म्हणे?"

"आपल्या देशात कायद्याने एकच मिळते."

"तेच तर! एकीसाठी एवढं औषध?"

त्या गिऱ्हाइकाची पाठ त्या दिवशी नेहमीपेक्षा लाल झाली.

"हाडांचं आहे म्हणून सांग ना सगळ्यांना," बायको सालहा घरी म्हणाली.

"सांगितलं. डोळे मारतात."

"मग मी सांगते."

"तू सांग म्हणजे झालंच!"

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. आकडा जिथल्या तिथे.

"तुम्ही लावत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"रोज लावतो."

"लावल्यावर आंघोळ?"

"संध्याकाळी करतो. घरी."

बाईंनी मात्रा दुप्पट केली. दीड महिन्याने पुन्हा तोच आकडा.

"सी खमैस, मला खरं सांगा. एवढं औषध अंगात गेलं तर आकडा हलल्याशिवाय राहत नाही."

"मी काय ते पितो का, मला काय विचारता? तुम्ही सांगितलंत तिथे चोळतो." रागारागाने त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. बाईंची नजर त्याच्या बोटांवर गेली. सकाळचे अकरा वाजले होते आणि बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती.

"हे काय?"

"काही नाही. तय्याबांची बोटं अशीच असतात."

बाईंनी कागद उलटून पाहिला. व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी' एवढंच होतं. "तुम्ही हमामात काम करता? किती वाजल्यापासून?"

"सहा."

"आणि जेल?"

"साडेपाचला, नमाज झाल्यावर. सकाळी लावा, तुम्हीच म्हणालात."

"अहो, मग आंघोळीबद्दल मी इतक्यांदा विचारलं ते कशासाठी?"

"आंघोळ गिऱ्हाईक करतं, डॉक्टरबाई. मी काम करतो."

साडेचार महिने औषध रोज वाफेत भिजून हमामच्या मोरीने वाहून गेलं होतं. खमैसच्या मस्तकात तिडीक गेली ती वेगळ्याच कारणाने. या बाईंनी त्याची झोप विचारली होती, बापाचे आजार विचारले होते, नको ते प्रश्न बायकोसमोर विचारले होते. सहा ते बारा माणूस काय करतो, हे मात्र विचारलं नव्हतं.

"तुम्हीही सांगितलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

जेल बंद झालं. दर तीन आठवड्यांनी कमरेत इंजेक्शन ठरलं. "हाडं भरायला वर्ष तरी लागेल. तोवर कुणाचा हात पिळायचा नाही. हाताने नुसतं घासलंत तर चालेल."

इंजेक्शनांचा गुण येण्याआधीच ईद येऊन गेली आणि हाजने मेहुण्याला आत घेतलं. खमैस दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कमरेचं वस्त्र देई. आतून ओरडणं ऐकू आलं की तो बसल्या जागेवरून करवादे, "अरे, आधी माणूस भिजू दे, मग घास! मेंढी सोलतोयस काय?"

चौथ्या इंजेक्शननंतर आकडा वर आला. पायऱ्या चढताना दम लागेनासा झाला होता, दुपारची झोपही उडाली होती. खमैस अहवाल घेऊन हाजकडे गेला.

"मला कागदातलं काय कळतंय?" हाज म्हणाला.

"मग आडवे व्हा."

बायकांची वेळ सुरू व्हायला अर्धा तास होता. हाज ओट्यावर पालथा पडला. खमैसने त्याला आधी नीट घाम येऊ दिला, मग हातमोजा चढवून मानेपासून टाचेपर्यंत घासलं. मळाच्या वळकट्या निघाल्या. हाजने मान सैल सोडली.

शेवटी म्हणाला, "हात नाही पिळलास."

"वर्षभर नाही."

"म्हणजे तय्याब अर्धाच."

"अर्धाच. तुमचा मेहुणा किती आहे, ते तुम्ही सांगा."

हाज कुशीवर वळला. "उद्यापासून तो दारात बसेल. पण माझा डावा खांदा राहिलाय."

राहिला नव्हता. खमैसने एक शिवी गिळली, पाणी ओतलं आणि तोच खांदा पुन्हा घासायला घेतला.