कडुलिंबाकडचा कोपरा

बंगल्याच्या पायऱ्या चढण्याआधी नत्थुजींनी चपला काढल्या आणि त्यांची लेक जमुना लगबगीने पुढे झाली. चौऱ्याऐंशीचं वय, सकाळी अकोल्याहून बसने निघालेले, मूर्तिजापूरला फक्त अर्धा कप चहा घेतलेला, आणि आता तापलेल्या फरशीवर अनवाणी.

"बाबा, चपला राहू द्या ना पायात."

"म्या बसवलेल्या फरशीवर चपला घालून चालू काय वं?"

आज तिला दोघांची काळजी होती. वडिलांची होतीच, पण त्याहून जास्त वर्षालीची. जमुनाची ही मुलगी दोन वर्षांपूर्वी आर्किटेक्ट झाली आणि स्वतःच्या नावावर घेतलेलं तिचं हे पहिलंच काम. बंगल्याच्या तलावाकडच्या कोपऱ्यात खिडकीपासून जोत्यापर्यंत भेग गेली होती. मालक चंद्रभानजी स्पष्ट बोलले होते : पाया गेला असेल तर बंगला पाडायला बिल्डरला, शाबूत असेल तर ठेवू, तुम्ही लिहून द्याल तसं. पोरीचा अंदाज चुकला तर गावभर नाव खराब होईल, हे जमुनाच्या डोक्यातून जाईना. बंगला आपण बांधला म्हणून नत्थुजी हट्टाने सोबत आले होते.

अमरावतीच्या तलावाकाठची ही कॉलनी बाहत्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे उभी राहिली. मालक जिनिंगवाले, कापूसवाले. नकाशे नागपूरचे आर्किटेक्ट काढत. गोल गच्च्या, जहाजाला असतात तशा गोल खिडक्या, पोर्चवर सिमेंटची जाळी. संध्याकाळी तलावावरचा वारा त्या जाळीतून आत यायचा तेव्हा पंख्याची आठवण व्हायची नाही. पण या सगळ्याच्या खाली होती वऱ्हाडची काळी माती. उन्हाळ्यात तिला एवढ्या भेगा पडतात की लेकराची चप्पल आत जाते, आणि पावसाळ्यात ती फुगून भिंत उचलते. नकाशात पाया पाच फूट असायचा. भातकुलीच्या शेतकऱ्याचा मुलगा असलेले नत्थुजी तो निळा कागद घडी करून खिशात ठेवायचे आणि सब्बल, म्हणजे पहार, हातात घ्यायचे. काळ्या मातीत लोखंडी सब्बल मुकाट जाते, मुरूम लागला की खणकते. ती खणकेपर्यंत खोदायचं, काळी माती सगळी काढायची, मुरूम भरायचा. असे अकरा बंगले.

रविवारी बाजार झाला की ते जमुनाला सायकलच्या दांडीवर बसवून इकडे आणत. "हा आपला. हा बी आपला." दुसरीत असताना तिने बाईंना सांगितलं होतं की आमचे अकरा बंगले आहेत. बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतलं. आई, पार्बताबाई, कामावरून सिमेंटच्या हातांनीच गेली आणि हसत परत आली. बंगल्यांच्या दारांशी संगमरवरी पाट्या होत्या, त्यांवर नागपूरच्या आर्किटेक्टांची नावं. जमुनाने त्या पुढे कितीदा तरी वाचल्या.

चंद्रभानजी बाहेर आले. "या मिस्त्री. तुमचा बंगला म्हातारा झाला."

"म्हातारा मी झालो भाऊ. बंगल्याले काय झालं ते पाहू द्या."

वर्षालीने आदल्या दिवशी पायालगत दोन खड्डे करून घेतले होते, एक भेगेच्या कोपऱ्यात, एक पलीकडच्या बाजूला. नत्थुजींनी सब्बल मागवली. "तूच उतर खाली. माह्या हातात आता जोर नाही."

पलीकडच्या खड्ड्यात वर्षालीने पायाच्या तळाशी सब्बल मारली. खण्ण झालं. नत्थुजींनी डोळे मिटले. भेगेच्या कोपऱ्यात तिने तशीच मारली. आवाजच आला नाही. सब्बल मातीत रुतून बसली.

"आबाजी, इथं पाया पाचच फूट आहे."

जमुना चटकन बोलली, "नकाशातच पाच होता ना? मग नागपूरवाल्यांची चूक." वडील सुटले, पोरगीही सुटली, असं तिला वाटलं. चंद्रभानजींनीही मान हलवली.

नत्थुजी बाहेरच्या अंगणाकडे बघत होते. तिथे आता सिमेंटचे ठोकळे बसवलेले, वर दोन गाड्या उभ्या. "इथं कडुलिंब होता."

"तोडला," चंद्रभानजी म्हणाले. "सहा वर्षं झाले. गाड्यांले जागा नव्हती."

नत्थुजी पायरीवर टेकले. जमुना पर्समध्ये बीपीची गोळी शोधू लागली.

"गोळी राहू दे. वर्षाली, तू लिव. साऱ्या बंगल्याचा पाया म्या मुरमापर्यंत नेला. हा एक कोपरा नाही नेला. लिंबाच्या मुळ्या तोडा लागत होत्या. झाड मेलं असतं."

"एका झाडासाठी, आबाजी?"

"कामावर सावली तेवढीच होती. बायकायनं त्याच्या फांदीले झोळ्या बांधल्या होत्या. लेकरं निजत त्याच्यात." त्यांनी जमुनाकडे हात केला. "हे पण. आठ महिन्याची होती. झाड खालचं पाणी पिऊन घेईन, माती सुकी राहीन, असा हिशेब केला अन् भिंत चढवली. कोणाले सांगितलं नाही."

"आणि झाड गेल्यावर माती फुगली," वर्षाली हळू म्हणाली.

"बाबा, काऊन सांगून राहिले आता?" जमुनाने पर्स बंद केली. "कोणी विचारलं नव्हतं."

"नकाशाले दोष दिला तर तेवढा एक खड्डा सोडून सारा पाया नकाशासारखाच आहे, असं वाटीन ना यायले. मग बंगला पाडतीन. एका कोपऱ्यासाठी."

चंद्रभानजींनी भेगेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी वर्षालीला विचारलं, "कोपरा दुरुस्त होते का?"

"होतो. भिंतीला टेकू देऊन थोडी थोडी माती काढायची, मुरमापर्यंत भरून घ्यायचं. आबाजींनी बाकी ठिकाणी केलं तसंच."

"मग ठेवतो. अन् झाड म्या तोडलं, ते बी लिवा. एकट्या मिस्त्रीच्या नावावर नका टाकू."

वर्षालीने पोर्चमध्येच बसून कच्चा मजकूर लिहिला.

"माह्यं नाव लिवलं?"

"लिहिलं. 'हा कोपरा भातकुलीचे मिस्त्री नत्थुजी यांनी कडुलिंबासाठी मुरमापर्यंत नेला नाही. बाकी पाया त्यांनी नकाशापेक्षा खोल नेला आहे.'"

त्यांनी मान डोलावली आणि ते चपला शोधू लागले. जमुनाने त्या पुढे आणून ठेवल्या. मग ती गाड्यांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि वर बघू लागली.

"बाबा, फांदी कुठं होती?"

नत्थुजींनी काठी उचलून रिकाम्या आभाळात एक जागा दाखवली. "थोडी डावीकडं सरक," ते म्हणाले. "हं. तिथं."