सातव्या खोलीबाहेरचं बाकडं

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. दिवसाला चारशे काजं पाडायची, एकही वाकडं नाही. थापा मारण्यात मात्र बाई अगदीच कच्ची, आणि बाळंतपणापासून तिला रोज एक नवी थाप मारावी लागत होती.

बाळ दहा आठवड्यांचं झालं होतं. सहाव्या आठवड्यात करायची त्याची रक्ततपासणी दोनदा चुकली होती. पहिल्यांदा ती दवाखान्याच्या फाटकातूनच माघारी फिरली, दुसऱ्यांदा घरातून निघालीच नाही. कारण एकच, ते बाकडं. बाकीच्या बाळंतिणी वरच्या मजल्यावर जात. एचआयव्ही असलेल्या आयांनी मात्र खाली, केसपेपरच्या खिडकीसमोर, सातव्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसायचं. पाटी नव्हती, पण अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. ज्याने ते तिथे मांडलं, त्यालाच एकदा दिवसभर त्यावर बसवायला हवं!

नवऱ्याला सगळं माहीत होतं, तोही गोळ्या घेत होता. सासूला पत्ता नव्हता. लागण टाळण्यासाठीचं बाळाचं औषध पोटदुखीचं म्हणून पाजलं जाई. मधे नवऱ्याने एक बाटली आणून दिली, तीही आज संपली. आणि बाळाला लागण झालीय की नाही, हे तपासणीशिवाय कळणार नव्हतं.

आज ती निघाली, तर सासू चपला घालून दारात हजर.

"मी येते. एकटीला जमत नाही तुला, दिसतंय मला."

दवाखान्यात शिरल्यावर काजवाली मान खाली घालून तडक जिन्याकडे वळली.

"त्या बाकड्यापासून लांबूनच चल गं," सासू कुजबुजली. "बाळ आहे आपल्याजवळ."

वर लस टोचून झाली. बाळ रडून रडून झोपलं. "चला, सुटलो," सासू म्हणाली. तेवढ्यावर घरी जाता आलं असतं, आणि खरं सांगायचं तर सुनेलाही जायचंच होतं. पण खाली आल्यावर पाय फाटकाकडे वळेनात. ती सरळ सातव्या खोलीत शिरली.

सासू धावत मागून आली. "अगं, तिकडे कुठे? सिस्टर, हिची खोली चुकली हो!"

सिस्टरनी सुनेकडे पाहिलं. सांगायचं की नाही, ते तिनेच ठरवायचं होतं.

"नाही चुकली, आई. मला एचआयव्ही आहे. बाळाला आहे का, ते बघायचंय."

सासूने झोपलेल्या बाळाकडे पाहिलं. मग एकदम उसळली, "अडीच महिन्यांचं झालं लेकरू! इतके दिवस का नाही आणलंस?"

"तुमच्या भीतीनं."

सिस्टरनी बाळाची टाच पुसली आणि सुई टोचली. बाळ किंचाळून उठलं. सासू-सून दोघीही त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या, पण त्याला उगी करायचं एकीलाही सुचलं नाही.