नूरबी खालांची गोळी

डॉक्टर राउंडला आले आणि "आजी, दुखतं का?" असं त्यांनी विचारलं, की नूरबी खाला शेजारच्या खाटेकडे बोट दाखवायच्या. "मले काय धाड भरली? त्या माउलीले पाहा अगोदर."

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या खाला अकोटच्या. गाद्या-रजया भरणं हे त्यांचं घरचं काम. अमरावतीच्या आमच्या वॉर्डात मी तेव्हा सिस्टर होते. कूस बदलताना त्यांचे ओठ पांढरे पडायचे, पण तोंडातून आवाज नाही. वर मलाच म्हणायच्या, "दुखणं माह्यं हाय पोरी, साऱ्या वॉर्डाले कायले सांगू?"

शेजारी तिवस्याच्या चंद्रभागाबाई. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. किडनी कमजोर, म्हणून दुखण्याचं औषध डॉक्टरांनी बेतानेच ठेवलं होतं. त्या दिवसभर कण्हायच्या. खाला त्यांना भाजीच्या वाडीबद्दल, सुनांबद्दल विचारायच्या. तेवढा वेळ कण्हणं थांबायचं.

एका संध्याकाळी चंद्रभागाबाईंची मुलगी शोभा ओरडत माझ्याकडे आली. हाका मारूनही आई डोळे उघडत नव्हती. श्वास इतका मंद, की छातीवर हात ठेवला तरच कळावा. मी ऑक्सिजन लावला. डॉक्टर धावत आले. मेंदूत काही झालं की काय, म्हणून तपासणीला न्यायची तयारी सुरू झाली.

तेवढ्यात खाला मोठ्याने म्हणाल्या, "मी देल्ली तिले माही दुखण्याची गोळी. सकायची बी, दुपारची बी."

त्यांचा मुलगा गडबडला. "अम्मी, चुप बैठो!"

"तिचा जीव जाऊन राह्यला अन् मी चूप बसू? डाक्टरसाब, तिचं कण्हणं मले ऐकवेना."

डॉक्टरांनी लगेच त्या औषधावर उतारा म्हणून इंजेक्शन दिलं. हळूहळू चंद्रभागाबाईंचा श्वास मोकळा झाला, पापण्या हलल्या. शोभाने मधला पडदा सर्रकन ओढला. "माह्या मायले मारून टाकलं असतं तुमी!"

खाला तोंडाला पदर लावून रडल्या. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांच्याजवळ बसून म्हणाले, "त्यांची किडनी औषध लवकर बाहेर टाकत नाही. ते अंगात साचतं. आणि तुम्ही गोळीविना राहिलात, म्हणून तुमचा पाय टेकत नाही. आता खरं सांगा, दुखतं का?"

"लय दुखते, बाप्पा."

त्यानंतर गोळी घेतली की खाला माझ्यासमोर तोंड उघडून दाखवायच्या. "पाह्य, गिळली." वॉकर धरून त्या चालूही लागल्या. पडदा मात्र तसाच होता. शेवटी एके सकाळी चंद्रभागाबाईच म्हणाल्या, "शोभे, सार तो पडदा. मले तिच्याशी बोलल्याबिगर गमत नाही." शोभाने पडदा सारला.

गेल्या हिवाळ्यात शोभा माझ्याकडे आईची औषधं विचारायला आली, तेव्हा खाला गेल्याचं तिच्याकडूनच कळलं. झोपेतच गेल्या म्हणे.

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"त्यायच्या पोरानं फोन केलता. मयतीले गेलो होतो आमी दोघी. मायले एसटीची पायरी चढता येत नाही, सिस्टर. मी उचलून चढवली."