पहिल्या खंडातली जागा

सई, निहार — हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं. ते गेले, तेव्हा एक क्षण वाटलं होतं की आता सांगायला कुणी उरलंच नाही, सुटले. पण सुटका अशी होते का?

गेल्या संक्रांतीला सईने फोटो पाठवला. तिकडे परदेशातल्या थंडीत गूळपोळ्या केल्या होत्या तिने, आणि शेजारी ओट्यावर आपल्या महिला मंडळाचं पुस्तक उघडं ठेवलं होतं — जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरांवरचं, पहिला खंड, माझं प्रकरण. 'आजी, तुझ्या पानाला आता गूळ लागलाय,' असं खाली लिहिलं होतं. तो फोटो मी सगळ्यांना दाखवला. गौराक्कांना मात्र दाखवला नाही.

गौराक्का कोण, ते आधी सांगते. आमच्याच गल्लीत त्यांच्या घरचं भुसारी दुकान. माहेर हातकणंगल्याच्या पुढे, तिकडच्या घरांत मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढतात. मंडळाने पुस्तक करायचं ठरवलं तेव्हा गौराक्कांनी आपल्या आईला, अव्वांना, बोलतं केलं. शेंगांची पोळी, खपली गव्हाची हुग्गी म्हणजे खीर, सणाच्या आदल्या दिवशीची तयारी — अव्वा सांगत गेल्या, गौराक्का लिहीत गेल्या. अव्वांना वाचता येत नव्हतं. पण आपलं नाव छापून येणार, हे त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. थकल्या होत्या फार. गौराक्कांना घाई होती ती त्यासाठीच.

मंडळात कॉम्प्युटर येत होता तो मला एकटीला. नव्वदचं दशक संपत आलं होतं, कॉलेजातली इंग्रजीची नोकरी संपली होती, आणि तुमच्या बाबाने ते पुस्तकं जुळवायचं सॉफ्टवेअर आणून दिलं होतं. त्याची जाडजूड इंग्रजी माहितीपुस्तिका मी पेन्सिलीने खुणा करत वाचून काढली. काम असं असे — प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी, आणि त्या सगळ्यांना एकत्र बांधणारी एक मोठी फाइल. तिच्यात प्रकरणांची नावं एकाखाली एक दिसत. नाव माऊसने धरून वर न्या, खाली न्या. नावापुढे खंडाचा आकडा घाला, एक किंवा दोन. मग एक बटण दाबायचं, की पानांचे आकडे, अनुक्रमणिका, सगळं नव्याने लागायचं. मला ते फार आवडायचं. मला नीटनेटकेपणाची हौस, तुम्हाला माहीतच आहे.

छपाईच्या आधी दोन मोठ्या माणसांच्या प्रस्तावना उशिरा आल्या, लांबलचक. बाइंडर म्हणाला, याहून जाड झालं तर खंड पाठीतून उकलेल. म्हणजे एक प्रकरण दुसऱ्या खंडात जायला हवं होतं. नियम मंडळाने आधीच केला होता — मीच सुचवलेला — की लेख येतील त्या क्रमाने लागतील. ज्याचा लेख शेवटी आला, तो पुढच्या खंडात. यात काही गोंधळ होता का? मुळीच नव्हता. शेवटी आलेला लेख माझा होता. वाक्यं घासूनपुसून घेण्यात मीच उशीर केला होता.

त्या दुपारी मी एकटीच होते. पडद्यावर शेवटून दुसरं नाव गौराक्कांचं, शेवटचं माझं. मी त्यांच्या नावापुढे दोन घातला. माझ्यापुढे एक राहू दिला. बटण दाबलं. आकडे निमूट बदलले.

का? पहिला खंड तुमच्या बाबाला पाठवायचा होता. प्रकाशनाला माझ्या कॉलेजातली मंडळी येणार होती. आणि — हेही लिहायलाच हवं — अव्वांची ती कानडीमिश्रित बोली मला आपल्या पुस्तकाला शोभेशी वाटत नव्हती. मी शिकलेली बाई ना!

बैठकीत मी सांगितलं की गौराक्कांच्या फाइलमध्ये दोष आहे, ती पहिल्या खंडात ठेवली की पुढचे सगळे पानांचे आकडे चुकतात. मध्ये चार इंग्रजी शब्द पेरले. धडधडीत खोटं होतं ते. कुणी एक प्रश्न विचारला नाही. गौराक्कांनी उलट माझीच समजूत घातली.

"मशीनच न्हाई म्हणतंय, तर तुम्ही तरी काय करणार, बाई?"

प्रकाशनाला त्यांनी अव्वांना गाडीने आणलं. इरकली लुगडं नेसून अव्वा पहिल्या रांगेत बसल्या. मी खंड त्यांच्या हातात दिला — मीच दिला, वाकून. आपलं पान कुठलं, असं त्यांनी लेकीला विचारलं. गौराक्का त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या की यात जागा नव्हती, पुढच्यात येणार हाय. अव्वांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, चेष्टेने.

"जागा न्हाई म्हणून बसलेल्याला पानावरनं उठवत्यात व्हय? सरकून घेत्यात की, बाई."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

दुसरा खंड निघालाच नाही. कुणाची बदली, कुणाचं आजारपण, मंडळ हळूहळू थंडावलं. अव्वा पुढच्या वर्षी गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा गौराक्कांनी चहा दिला आणि म्हणाल्या की अव्वा शेवटपर्यंत पुस्तकाचं विचारत होती. मी चहा प्याले. तेव्हाही बोलले नाही. नंतरही, भाजी घेताना, हळदीकुंकवाला, देवळाच्या पायरीवर — इतक्या वर्षांत किती वेळा समोर आलो आम्ही!

उद्या सकाळी मी त्यांच्याकडे जाणार आहे. तुम्हाला हे आधी लिहून टाकते आहे, म्हणजे मला दारातून परत फिरता येणार नाही. त्यांनी आत घेतलं तर आत बसून सांगेन, नाही घेतलं तर उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगेन. त्या काय म्हणतील, ते त्यांचं.

तुमच्या ओट्यावरच्या त्या खंडात अव्वांची जागा होती. एकाने सरकायचं होतं, आणि ती पाळी माझी होती. मी सरकले नाही.

— आजी