पहिल्या वर्षी खरं सांगायचं नाही

कचेरीच्या बाकावर बसून बसून आत्याचं डोकं भणभणत होतं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेली ही बाई. माप चुकलं की उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक. पण वडिलांनी मुद्दाम चुकवून ठेवलेलं आता उसवायचं कसं?

झालं होतं असं. आपण मुळात कुठून आलो, हे आत्याच्या जमातीतली माणसं बाहेरच्याला पहिल्या वर्षी खरं सांगत नाहीत. मुद्दाम एक चूक घालतात. तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा ऐकायला आला, तर चूक सुधारून देतात. आत्या लहान असताना एक संशोधक बाई आल्या, महिनाभर राहिल्या, वह्या भरल्या आणि गेल्या. आपली पहिली आई नदीपलीकडून आली, असं वडिलांनी त्यांना सांगितलं. खरं तर ती इथल्या टेकडीच्या पोटातून निघाली होती. वडील बिचारे पुढच्या वर्षी वाट बघत बसले. बाई काही फिरकल्या नाहीत, पुस्तक तेवढं छापून आलं.

आता टेकडी खडीसाठी फोडायची होती, आणि साहेबांच्या टेबलावर तेच पुस्तक.

“तुमच्याच वडिलांनी सांगितलंय, आजी. तुम्ही पलीकडून आलात. मग या टेकडीवर हक्क कसला?”

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेलेल्या बापाला खोटं पाडायचं, नाहीतर टेकडी घालवायची! शेवटी तिने रीत गुंडाळून ठेवली आणि परक्या माणसासमोर खरं काय ते सगळं सांगून टाकलं. कारकुनाने भराभर उतरवून घेतलं.

“याला कोणी दुजोरा देईल?” साहेबांनी विचारलं.

थोरला दादा शेजारीच बसला होता. ही कथा पूर्ण येणारी आता ही दोघंच उरली होती. तो उठला, सदऱ्याची बटणं चाचपली आणि म्हणाला, “पुस्तकात आहे तेच खरं, साहेब.”

आत्याने त्याला बाहेर जिन्यावर गाठलं. “दादा, अरे टेकडी फोडतील ते!”

“फोडू देत. कथा तरी आपल्यापाशी राहिली असती. तू तीही देऊन आलीस.”

“आणि पोरांना काय सांगशील रे? कुठे बोट दाखवशील, आपली आई इथून निघाली म्हणून?”