विसावा नावाची खोली

वहिनींचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं सगळे म्हणतात, ते साफ खोटं आहे. तो नाकापर्यंत पोचायला थांबतो कशाला? थेट तोंडातूनच बाहेर पडतो. आणि अशी बाई झाली कोण, तर भूल देणारी डॉक्टर! जिच्या नुसत्या आवाजानं मजलाभर झोपलेले पेशंट उठून बसतात, तिनं लोकांना झोपवायचं, हा विनोद तिच्या दिरानं इतक्यांदा केलाय की आता फक्त तोच हसतो. हा धाकटा दीर सर्जन. वहिनींनी झोपवायचं, भाऊजींनी कापायचं, अशी वर्षानुवर्षांची जोडी. तो ऑपरेशनच्या टेबलाशीसुद्धा 'वहिनी' म्हणतो, म्हणून इस्पितळातल्या झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्याच त्या वहिनी. नवरा तेवढा शहाणा निघाला. घरात आवाज चढला की तो पाणी आणायला आत जातो आणि भांडण मिटल्यावर ग्लास घेऊन येतो.

पण या रागाला एक जागा होती, ती लोकांना माहीत नव्हती.

जुन्या इस्पितळात ऑपरेशन झालं की पेशंटची ट्रॉली लिफ्टशेजारच्या बोळात लावून ठेवायचे. एका बाजूनं जेवणाच्या गाड्या, दुसऱ्या बाजूनं भेटायला आलेली माणसं. तिथंच एक बाई निळी पडली होती. भुलीच्या गुंगीत जीभ मागं गेलेली, श्वास अडकलेला, आणि शेजारून लोक गप्पा मारत चाललेले! वहिनी चहाला निघाल्या होत्या म्हणून त्यांच्या नजरेला पडली. हनुवटी उचलली, ऑक्सिजन लावला, बाई वाचली. डोळे उघडून म्हणते, "झालं का हो ऑपरेशन?" वहिनी तशाच मोठ्या साहेबांच्या खोलीत घुसल्या आणि असं काही बोलल्या की साहेबांनी चष्मा काढून ठेवला. शुद्धीवर येणाऱ्या माणसाला खोली द्या, एवढंच मागणं. साहेब म्हणाले, "बघू नंतर." ते नंतर साहेब निवृत्त झाले तरी आलं नाही.

म्हणून जेव्हा भाऊजींनी दोन मित्रांना घेऊन स्वतःचं केंद्र बांधायला काढलं, सकाळी येऊन ऑपरेशन करून घ्या आणि संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जा अशा पद्धतीचं, तेव्हा वहिनींनी एकच अट घातली. ती खोली.

आता भाऊजींना शुद्ध मराठीचं भारी वेड. आराखड्यावर एक इंग्रजी अक्षर येऊ देईनात. थिएटरचं शल्यगृह झालं, वेटिंगचं प्रतीक्षालय झालं.

"आणि वहिनी, तुमच्या खोलीला काय म्हणू या? संज्ञाप्राप्ती कक्ष?"

"ते नाव वाचून पेशंट परत बेशुद्ध पडेल! विसावा म्हणा, धर्मशाळा म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा. शल्यगृहाला लागून हवी, म्हणजे झालं."

भाऊजींना शब्द भलताच आवडला. आर्किटेक्टनं तिथल्या तिथं लिहून टाकलं, विसावा. वहिनींनी आराखड्यात शल्यगृहाच्या कडेला आपली खोली पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदाच कशावर तरी समाधान मानलं. तिथंच फसल्या.

उद्घाटन तोंडावर आलं तेव्हा त्या खोली बघायला गेल्या. कंत्राटदार आधीच दार धरून उभा, नव्या नवरदेवासारखा. आत मऊ मऊ सोफे, भिंतभर टीव्ही, कोपऱ्यात कॉफीचं मशीन आणि काचेच्या पेटीत मासे!

"कशी झालीय, मॅडम? नातेवाईक उठायचं नाव घेणार नाहीत!"

"पेशंट कुठं ठेवायचे?"

"पेशंटला कशाला विसावा? तो तर झोपूनच येणार ना!"

वहिनींनी भिंतीवरून हात फिरवला. ऑक्सिजनच्या नळीचं तोंड शोधत होत्या, हाताला लागला फोटो टांगायचा खिळा. नळ्या टाकणाऱ्यांनीही आराखडा तसाच वाचला होता. विसाव्याला बसलेल्या माणसाला ऑक्सिजन कशाला लागतोय!

पुढचं सगळं जिन्यापर्यंत ऐकू गेलं. आरडाओरडा ऐकून भाऊजी धावत आले. एकदा सोफ्यांकडे पाहिलं, एकदा माशांकडे, आणि गड्यानं नको तिथं विनोद केला.

"शब्द तुमचाच हो, वहिनी."

"शब्द माझा, अक्कल तुमची! दोन्ही गहाण पडली!"

"हे बघा, आमंत्रणं गेलीत. उद्घाटन उरकून घेऊ, नंतर भिंत फोडून नळी घालू. तोवर ट्रॉल्या बाहेरच्या बोळात..."

'नंतर' आणि 'बोळ', दोन्ही एका दमात! वहिनींचा आवाज एकदम खाली आला. घरच्यांना ठाऊक आहे, तो खाली येतो तेव्हा पळावं.

"भाऊजी, झोपा."

"काय?"

"त्या सोफ्यावर. झोपा म्हणते ना!"

भाऊजी झोपले. पाय गुडघ्यापासून बाहेर, पाठ गादीत रुतलेली. "आता तुम्ही गुंगीत आहात. उलटी आली. कंत्राटदार, वळवा यांना कुशीवर!" कंत्राटदारानं जोर लावला; भाऊजी आणखी आत गेले. वहिनींनी हनुवटी उचलायला हात घातला, तर डोकंच गादीत बुडालं. दारात नर्सा तोंडावर रुमाल धरून उभ्या.

"वहिनी, पुरे. लोक बघतायत."

"बघू देत. बोळातली बाई निळी पडत होती, तेव्हा कुणी बघत नव्हतं. भिंत फुटल्याशिवाय मी कुणाला भूल देणार नाही, आणि तुम्ही दुसरं कुणी आणलंत तर त्यालाही हाच सोफा दाखवीन."

भाऊजी गादीतून कसेबसे उठले. शर्ट झटकला, कुणाकडे न बघता बाहेर गेले आणि एकेका पाहुण्याला फोन लावू लागले. आत हातोडा पडला.

केंद्र उशिरा उघडलं, खोलीसकट. पण दिरानं चारचौघांतलं ते झोपणं पोटात ठेवलं आणि वहिनींनी त्याच्या तोंडचा तो बोळ. अजून अबोला आहे. टेबलावर तेवढं बोलणं होतं.

"चढली?"

"चढली. कापा."