वजनावर विकलेली फुलं

भिवंडीच्या रविवारच्या बाजारात माझ्या पापडांशेजारी एक म्हातारे काका बिस्किटं विकायचे. बायको घरी भाजायची आणि बऱ्याचशा बिस्किटांवर रंगीत साखरेची फुलं काढायची. एकासारखं दुसरं फूल नसायचं. तरी साधी आणि फुलांची, दोन्ही ते एकाच भावाने किलोवर द्यायचे. प्रत्येक गिऱ्हाइकाआधी काटा रुमालाने पुसायचे.

न राहवून मी एकदा म्हटलं, "काका, फुलांची तरी नगावर विका. काकूंचा किती वेळ जातो त्यात."

ते काट्याकडे बघतच म्हणाले, "आमचे कापडाचे लूम भंगारात गेले ना ताई, ते पन किलोवरच गेले. चालू हायेत का बंद, कुनी इचारलं न्हाय."

मी पापडांची चळत सारखी करू लागले.

तेवढ्यात एका बाईंनी पाव किलो मागितली. वजन थोडं जास्त भरलं. "पाव किलोच हवीत," बाई म्हणाल्या. काकांनी एक बिस्कीट काढलं, तर कमी पडलं. मग त्यांनी तेच गुलाबाचं बिस्कीट मधोमध मोडलं आणि अर्धं पिशवीत टाकलं.

बाई गेल्या. उरलेलं अर्धं त्यांच्या हातात होतं.

"काकूंना न्या," मी म्हटलं.

"नको. तिला वाटतं, लोक फुलं बघून घेतात."

डायबेटिसमुळे ते कधी गोड खात नसत. त्यांनी माझ्याकडे पाठ करून ते अर्धं फूल खाल्लं आणि मिशीला लागलेला गुलाबी रंग त्याच रुमालाने पुसून काढला.